खाच खरी, पाणी खोटं

मी एक जुना दगड आहे, आणि मित्रांनो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही माझी कहाणी शेवटपर्यंत ऐकू म्हणता, पण मध्येच उठून जाल असं मला आत्ताच वाटायला लागलं आहे. रागावू नका. माझा सगळा जन्म एका तलावात गेला. जिथं पाणी थोडं आणि शेतं फार, तिथं राहून दगडसुद्धा संशयी होतो.

माझ्या गावाचं नाव करंदवेव. वेव म्हणजे तलाव. आधी तलाव झाला, मग गाव वसलं, म्हणून नावात तलाव आला. श्रीलंकेच्या या कोरड्या भागात आम्हाला नदी नाही. वर्षाच्या शेवटी ईशान्येकडून पाऊस येतो, तोच काय तो आमचा. तो तलावात साठवायचा आणि पुढे उन्हाळी भाताला पुरवायचा. पुरला तर गाव भात खातं. नाही पुरला तर नाचणीची भाकरी, आणि तीही सगळ्यांना मिळेलच असं नाही.

मी पाळीपलीकडच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधापलीकडच्या, खडकातला. एका पाथरवटानं मला फोडलं, तासलं आणि माणसापेक्षा खूप उंच असा खांब केला. तलाव कोरडा असताना मला मोरीसमोर, शेतांना पाणी सोडायच्या दारासमोर, पुरलं. मग गावातल्या म्हाताऱ्यांनी बोट ठेवून जागा दाखवली आणि तिथं माझ्या छातीवर पाथरवटानं एक आडवी खाच मारली. छिन्नी खाली ठेवून तो मला म्हणाला, "खोटं बोललास तर बघ." अजून मी तोंड उघडलं नव्हतं, तरी मला दम मिळाला होता.

ही खाच कशासाठी, ते सांगतो. सिंहली नववर्ष झालं की पाळीवरच्या अर्जुनाच्या झाडाखाली गावाची सभा बसते. त्या दिवशी पाणी माझ्या खाचेच्या वर असलं, तर प्रत्येकानं आपापलं खाचर पेरायचं. खाली असलं, तर बेत्म. बेत्म ही आमच्या वाडवडिलांची रीत. तलावाजवळची वरची खाचरं तेवढी पेरायची, पण ती मालकानं एकट्यानं नाही. त्यात तात्पुरते बांध घालून गावातल्या सगळ्या घरांना वाटे द्यायचे. खालची खाचरं त्या वर्षी पडीक ठेवायची. पीक निघालं की बांध मोडायचे आणि जमीन ज्याची त्याला परत. दुष्काळ येण्याआधीच तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा, म्हणजे एकाच्या अंगावर पडत नाही.

तलावात पाणी असताना माझ्याजवळ यायचा मान फक्त पाण्याच्या कारभाऱ्याचा. त्याला विदाने म्हणतात. सभेच्या दिवशी तो तराफ्यावरून येतो, खाच बघतो आणि पाळीवर जाऊन सांगतो. इतर कुणी मला हात लावायचा नाही, कारण मी अय्यनायक देवाचा, तलावाच्या राखणदाराचा दगड. चांगलं पीक आलं की पाळीवर नव्या मडक्यांत दूध उतू घालवतात. अशा वर्षी विदाने येऊन मला चंदनाचा टिळाही लावायचा. लोक म्हणायचे, "आपला दगड सोन्यासारखा आहे." मला वाटायचं, यांना नक्की काहीतरी मागायचं असणार.

कारण हेच लोक पाणी कमी पडलं की माझ्यावर घसरायचे.

"दगड खचलाय!"

"खचला नाही, हत्तीनं ढकललाय. पाठ खाजवायला येतो ना तो."

"हत्तीला कशाला बदनाम करता? खालच्या आळीतल्या कुणीतरी उपटून वर केलाय."

मी सगळं ऐकायचो. माझ्यावरून इतके संशय गेले की मीही प्रत्येकाकडे त्याच नजरेनं बघायला शिकलो. पाणी प्यायला आलेली म्हैस जास्त वेळ पिऊ लागली तरी मला वाटायचं, हिला कुणी पाठवलं?

पूर्वी तलाव कोरडा पडला की घरटी माणसं गाळ काढायला यायची. मग गावापर्यंत बस आली. कुणी शहरात कामाला गेलं, कुणी दुकान टाकलं. एका वर्षी एक घर आलं नाही. शेजारचे म्हणाले, "ते येत नाहीत, तर आम्हीच काय मक्ता घेतलाय?" पुढच्या वर्षी तेही आले नाहीत. हळूहळू कुणीच येईना. गाळ गुपचूप चढत राहिला. मी सगळ्या गावावर नजर ठेवून होतो, पण मित्रांनो, आपल्या पायाकडे बघायला दगडाला मान नसते.

मग ते वाईट वर्ष आलं. सभेच्या दिवशी पाणी खाचेच्या वर होतं, म्हणून सगळ्यांनी सगळीकडे पेरलं. आणि कणसं भरायच्या वेळी मोरीतून पाणी येईना. वरची खाचरं कशीबशी निघाली. खालची उभी वाळली.

त्यात किरीएतनाचं खाचर होतं. ती विधवा बाई, एकटीच्या बळावर शेती करणारी. हातात वाळकी कणसं घेऊन ती पाळीवर उभी राहिली आणि वरच्या खाचरांकडे बघत राहिली. ती खाचरं कपुरुहामीची. तिला वाटलं, यानंच पाणी चोरलं. कपुरुहामीला वाटलं, खालच्यांनीच दिवसाढवळ्या पाट फोडले. आणि दोघांनाही वाटलं, विदाने उक्कुराळ मोरीच्या खुंटीशी खेळला. बिचारा उक्कुराळ आपल्या बायकोकडेसुद्धा संशयानं बघायला लागला. मी म्हणालो, चोर या तिघांपैकीच कुणीतरी आहे. खाच खरी होती, मग पाणी गेलं कुठं?

पुढच्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. किरीएतनाच्या घरी बियाण्याची एकच पाटी उरली होती. ती खालच्या खाचरात पेरली आणि वाळली, तर घरात ना खायला भात, ना पुढच्या वर्षी पेरायला. बेत्म झालं तरच तिला वर वाटा मिळणार होता आणि पाटी वाचणार होती. कपुरुहामीला मात्र बेत्म नको होतं. जो जमीन कसेल त्याचा हक्क, असा नवा कायदा येतोय, अशी बातमी बसमधून गावात उतरली होती. एकदा कुणाचा पाय आपल्या खाचरात पडला की तो निघणार नाही, ही भीती त्याच्या मनात घर करून बसली होती.

सभेच्या सकाळी उक्कुराळ तराफ्यावरून आला. त्यानं खाच बघितली. पाणी खाचेच्या बोटभर वर होतं. मग परत गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पाणी खाचेच्या खाली आहे. बेत्म करावं लागेल."

मित्रांनो, मी थक्क झालो! माझ्यादेखत, माझ्याच नावावर खोटं! मला आरडाओरडा करावासा वाटला, पण दगडाचं कोण ऐकतं?

कपुरुहामी ताडकन उठला. "विदाने, किरीएतना तुमची मावसबहीण ना?"

"आहे. म्हणून काय झालं?"

"म्हणून पाणी खाली गेलं. मी स्वतः बघणार."

"तराफ्यावर बसा मग. नेतो."

"तुमच्या तराफ्यावर? मला पोहता येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मधेच उलटवाल आणि म्हणाल, मामा घसरले. मी चालत जाईन. पाणी गळ्याशी आलं की मागे फिरेन, पण तुमच्या हातात जीव देणार नाही!"

लोक हसले. त्यानं लुंगी वर खोचली, विड्याची चंची दातात धरली, हातात बांबू घेतला आणि पाण्यात उतरला. बांबूनं पुढची जमीन चाचपत, एकेक पाऊल टाकत तो येत राहिला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत पाणी आलं. इतक्या वर्षांत भरल्या पाण्यात विदान्याशिवाय माझ्याजवळ आलेला हा पहिला माणूस. आता हा छिन्नी काढणार, असंच मला वाटलं.

तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. चंची दातातून काढून ओरडला, "पाणी खाचेच्या वर आहे! बोटभर वर! विदाने खोटारडा! बेत्म नाही!"

पाळीवर एकदम गलका झाला. उक्कुराळ मान खाली घालून म्हणाला, "हो, खोटं बोललो. गेल्या वर्षीही खाचेच्या वरच होतं, आणि शिव्या मी खाल्ल्या. पाणी कुठं जातं मला कळत नाही. पुन्हा चोर व्हायची माझी तयारी नव्हती."

"ऐकलंत? कबूल केलं!" कपुरुहामी पाण्यातून हात नाचवायला लागला.

तेवढ्यात किरीएतना पाळीच्या टोकापर्यंत पुढे आली. तिनं कपाळावर हात धरून नीट बघितलं. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही उभे कुठं आहात?"

"दगडापाशी! दिसत नाही का तुला?"

"दिसतंय म्हणूनच विचारते. पाणी खाचेच्या वर आहे आणि तुमच्या कमरेला आहे. माझा बाप सांगायचा, पाणी खाचेला आलं की दगडापाशी हत्ती बुडतो. मग तुम्ही कसे बुडाला नाहीत?"

कपुरुहामीचा नाचणारा हात थांबला. त्यानं खाली बघितलं. बांबू माझ्या शेजारी टेकवून दाबला, तर तो आत गेला. आणखी दाबला, आणखी आत गेला. अंगाचा भार टाकला तरी बांबू जातच राहिला. शेवटी तो ठक्क करून खडकाला लागला, तेव्हा कपुरुहामीच्या हातात वीतभर टोक उरलं होतं.

आमच्या तलावात माणूसभर गाळ बसला होता. पाणी खाचेपर्यंत यायचं ते गाळाच्या खांद्यावर बसून. खाच खरी होती आणि तिच्याखालचं पाणी खोटं होतं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो आणि चोर खाली शांत झोपला होता.

"सापडला चोर," पाळीवरून कुणीतरी म्हणालं.

"कुणाच्या घरचा?"

"सगळ्यांच्याच."

तुम्हाला वाटेल, आता कपुरुहामी विरघळला असेल. छे! पाण्यातून बाहेर येऊन लुंगी पिळत तो म्हणाला, "गाळ असो नाहीतर सोनं असो, रीत ती रीत. पाणी खाचेच्या वर आहे. ज्याचं त्यानं पेरावं."

"पेरू की," किरीएतना म्हणाली. "मी माझी शेवटची पाटी खाली टाकते. ती वाळेल. सगळ्या खालच्यांचं वाळेल. मग आम्ही काय करू, मामा? घरी बसू? तुमचं भात हिरवं असेल आणि आम्ही सगळे दिवसभर मोरीवर येऊन बसू. तुम्हाला घास तरी गिळवेल का?"

कपुरुहामीनं एकेक करून खालच्या आळीतल्या लोकांकडे बघितलं. ते सगळे त्याच्याकडेच बघत होते. चांगुलपणानं जे झालं नसतं ते त्याच्या संशयानं केलं. आपलं पाणी अडवून मोरीवर बसलेले हे लोक त्याला आत्ताच दिसायला लागले.

"आणि एकदा आत आलीस की निघशील कशावरून?" त्यानं विचारलं.

"तुमच्या चिखलात मला काय संसार मांडायचाय?"

"शपथ घे. अय्यनायकाच्या दगडावर हात ठेवून."

मग त्या दिवशी तराफ्यानं खूप फेऱ्या मारल्या. एकेका घराचं माणूस आलं आणि माझ्यावर हात ठेवून म्हणालं, पीक निघालं की बांध मोडू आणि बाहेर पडू. किरीएतनाकडून कपुरुहामीनं दोनदा म्हणवून घेतलं. तिनंही मागे वळून त्याला विचारलं, "आणि तुम्ही पाणी अडवणार नाही, याची शपथ कोण घेणार?" त्याला ती घ्यावीच लागली. माझ्यावर टेकलेला प्रत्येक तळवा घामेजलेला होता.

बेत्म झालं. किरीएतनाची पाटी वरच्या खाचरात उगवली, भरली आणि सुखरूप घरी गेली. कापणी होताच तिनं फावडं घेतलं आणि आपल्या वाट्याचा बांध मोडून जमीन सपाट केली. कपुरुहामी शेजारीच उभा राहून बघत होता. ती निघून गेल्यावरही तो तिथं थांबला. ती परत येते की काय, असं त्याला वाटत असावं.

मग तलाव आटला आणि गाळ काढायचा दिवस ठरला. सगळ्यांनी येतो म्हणून सांगितलं होतं. माझा अर्थातच विश्वास नव्हता. तो कुणाचाच नव्हता. पण झालं असं, की किरीएतना सकाळीच आली, कपुरुहामी येतो की नाही ते बघायला. कपुरुहामी आधीच पाळीवर उभा होता, खालची आळी येते की नाही ते बघायला. खालची आळी आली ती विदाने दांडी मारतो का ते बघायला. दुपार व्हायच्या आत गावातलं प्रत्येक घर दुसऱ्यावर पहारा ठेवायला तलावात उतरलं होतं. कुदळी चालायला लागल्या. कपुरुहामीनं घमेलं उचललं, तर किरीएतनानं पुढे होऊन त्यात डोकावलं.

"अर्धंच आहे, मामा."

त्यानं तिच्याकडे रागानं बघितलं, घमेलं खाली ठेवलं आणि काठोकाठ भरून घेतलं.

मित्रांनो, तुम्ही अजून बसला आहात, हे मला खरंच वाटत नाही. बसलाच आहात तर एक मागणं ऐका. माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्यावर चंदन लावून मला विसरू नका. संशय घ्यायचाच असेल तर सालाबादप्रमाणे, दुष्काळ येण्याच्या आधी घ्या, आणि शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा माझ्या पायाशी बांबू घालून बघा. गाळ अजून पुरता निघालेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा या. तुम्ही याल असं मला वाटत नाही. पण या.