मी ऐकलेली अठ्ठावन्न पानं

मी कॉलरला लावायचा माईक बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नाही. आजवर मी फक्त ऐकलं आणि ऐकलेलं जसंच्या तसं मोबाईलकडे पोचवलं. त्यामुळे आता बोलताना थोडा संकोच वाटतोय. सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते ठाण्याच्या कोपरीतलं मोबाईलचं दुकान. काचेच्या कपाटात माझ्या जुळ्या भावासोबत मी एका डबीत पडून होतो. एका शनिवारी कृतिका आली. दुकानदाराला म्हणाली, "वाऱ्याचा आवाज नको यायला हां. आमच्याकडे खाडीचा वारा असतो." त्याने माझ्या डोक्यावर केसाळ टोपी घालून दाखवली. मी खजुराएवढा आणि वर ती टोपी. ती हसली आणि मला तिच्या खाडीकाठच्या गावी, कोलशेतला घेऊन आली.

तिथे मला माझा माणूस भेटला. गोविंदाबाबा, कृतिकाचे वडील. तरुणपणी ते मिठागरात राबले होते. शाळा चौथीपर्यंत. तरी तीन वर्षं बसून त्यांनी एक पुस्तक लिहिलं, 'भरतीची वही'. शहाण्णव पानं, आणि प्रत्येक पानावर मिठागरातलं एक माणूस. प्रकाशन झालं, हार घातले, फोटो निघाले. मग पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली गेले.

कृतिका ठाण्यात एका कंपनीत जाहिरातींचं काम करते. तिने बाबांना समजावलं, "पुस्तक छापलं म्हणजे झालं असं नसतं. दाखवत राहायला लागतं. दर रविवारी सकाळी एक पान. एकच. पहिल्याच वाक्यात त्या माणसाचं नाव घ्यायचं, म्हणजे लोक थांबतात. शेवटी सांगायचं, पुढच्या पानावर कोण आहे. कुणी काही विचारलं तर उत्तर पुढच्या व्हिडिओत."

"मंग केस विंचरू का?"

"विंचर ना."

"हायेत किती ते," आतून आवडाबाई म्हणाल्या. म्हणजे बाबांची बायको, कृतिकाची आई.

आवडाबाईंना वाचता येत नाही. गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना येत नाही. ज्या माणसांवर ते पुस्तक लिहिलं होतं, त्यांच्यापर्यंत ते माझ्यामार्फतच पोचलं. रविवारी घराघरांतून बाबांचा आवाज यायचा. आपल्या घराचं पान कधी येणार म्हणून लोक वाट बघायचे. पलंगाखालचे गठ्ठेही कमी होऊ लागले.

आवडाबाईंचं पान अगदी शेवटचं होतं. दर रविवारी त्या विचारायच्या, "माझं पान कवा?"

"शेवटला हाय गो. धीर धर."

"काय लिवलंत त्यात? भांडनं लिवलीत?"

"तवाच ऐक."

तिसाव्या पानाच्या आसपास बाबांचा आवाज बसू लागला. ते सगळ्यात आधी मला कळलं, कारण मी त्यांच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर असायचो. शब्दाच्या मागे काहीतरी घासायचं, ओल्या फळीवर वाळू ओढल्यासारखं. पाणी पिऊनही ते जायचं नाही. घरात कुणी मनावर घेतलं नाही. "आमच्या बापाचा पन असाच झालेला," बाबा म्हणायचे. "मिठाचा घसा हाय हा." मिठागरातल्या माणसाचा आवाज असाच होतो, असं तिथे सगळेच मानतात.

आणि बघणाऱ्यांना तो आवाज आवडला. हे सांगताना मला लाज वाटते. 'काय भारदस्त आवाज', 'दादा, असंच वाचत राहा', अशा कमेंट आल्या. बघणारे वाढले, पुस्तकं मागवणारे वाढले. कृतिकाने हेडफोन लावून माझं काम तपासलं आणि आवाज आणखी जरा जाड केला. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोललो असतो.

पंचावन्नाव्या पानाच्या दिवशी बाबाच म्हणाले, "बाय, आवडाचं पान आताच वाचून ठेवू का? तू टाक नंतर."

कृतिका मोबाईल स्टँडला लावत होती. "शेवटचं पान शेवटीच, बाबा. आत्ता वाचलंस तर आई गावभर सांगेल. मग शहाण्णवपर्यंत कोण थांबणार?"

"मी कुनाला सांगते?"

"बावन्नावं पान शुक्रवारीच मासळीवालीला कोणी सांगितलेलं?"

तिघंही हसली. बाबा हसता हसता बराच वेळ खोकले. मी ते सगळं टिपलं.

अठ्ठावन्नावं पान वाचताना ते तीनदा थांबले. दोन दिवसांनी त्यांना श्वास घेता येईना, म्हणून दवाखान्यात नेलं. पुढचं मी आवडाबाई शेजारणीला सांगत होत्या तेव्हा ऐकलं. स्वरयंत्रात गाठ होती. त्याच संध्याकाळी गळ्याला भोक पाडलं आणि काही दिवसांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आवाज कधीपासून असा आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. कृतिकाने मोबाईल उघडून तिसाव्या पानाची तारीख दाखवली. साडेसहा महिने झाले होते.

बाबा घरी आले. एका दुपारी कृतिका म्हणाली, "आई, तुझं पान मी वाचते."

"नको. तू वाचलंस तं तुझं होईल ते."

मग बाबांनीच माझ्याकडे बोट केलं. कृतिकाने मला त्यांच्या सदऱ्याला लावलं. बाबांनी शहाण्णवावं पान उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवू लागले. आवडाबाई समोर बसून त्या ओठांकडे बघत होत्या. मला ऐकू आलं ते कागदावर सरकणारं बोट आणि गळ्याच्या भोकातून आत-बाहेर होणारी हवा. चार मिनिटं.

"झालं?" आवडाबाईंनी विचारलं. बाबांनी मान डोलावली.

"भांडनंच लिवलीत ना?"

त्यांनी पुन्हा मान डोलावली.

आता मी टीव्हीखालच्या खणात असतो. चार्जिंग टिकत नाही. कृतिका जुनीच अठ्ठावन्न पानं रविवारी फिरवून फिरवून टाकते. पुस्तकं अजून जातात. 'पुढचं पान कधी?' असं लोक विचारतात, आणि आवाजाचं कौतुकही करतात. ती चार मिनिटं तिने कुठेच टाकलेली नाहीत. आवडाबाई दुपारी ती मोबाईलवर लावतात आणि कानाशी धरून बसतात.

तुम्ही पुस्तक लिहिलं असेल तर व्हिडिओ जरूर करा. लोकांना वाट बघायला लावा, ते थांबतात. फक्त ज्या माणसासाठी लिहिलंत, त्याला थांबवू नका. त्याचं पान आज वाचा.