मोडेमनं नेलेली नोटीस

थांबा की जरा! कपाटावर टाकायच्या आधी माझं ऐकून घ्या, मित्रांनो. मी मोडेम हाय. मला जुना म्हणतात, आणि वय विचाराल तर पुरती दोन वर्षं. आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं, काय करणार! माझ्या जागी कालच नवा आलाय, माझ्या दुप्पट पळणारा. म्हणून मला आज बोलायला सवड हाय, आणि सांगायचं तर एवढं हाय की कुठनं सुरू करू तेच कळंना.

मनिषाताईनं मला पुण्याहून एस.टी.नं आणलं, सगळी वाट मांडीवर धरून. बारामतीत भिगवण रस्त्याला तिचा कॉम्प्युटर क्लास. तितं फोनच्या शेजारी मला जागा मिळाली. काम एकच. कॉम्प्युटरमधलं पत्र घ्यायचं, त्याचा आवाज करायचा आणि फोनच्या तारेतनं तो पुण्याला पोचवायचा. तिकडनं आलेल्या आवाजाचं परत पत्र करायचं. किर्रर्र, टिंव टिंव, खर्रर्र! क्लासातली पोरं कानात बोटं घालायची, पण पत्र आलं की सगळी माझ्याभोवती गोळा. तवा माझा लय तोरा होता, खोटं कशाला बोलू!

आता मनिषाताईचं गाव निरवांगीच्या पल्याड, लहानसं. पूर्वी तितं घरोघर मेंढरं होती, आता ऊस हाय, नोकऱ्या हायत. तिच्या शाळेतली मुलं पार पांगलेली. नागेश मस्कतला. जोतीराम लोणी देवकरला कारखान्याच्या ऑफिसात. आणि अंजली नागपूरला बँकेत. अंजली गावच्या बौद्ध वस्तीतली, पहिलीपासून मनिषाताईच्या शेजारी बसणारी. अशा त्रेचाळीस जणांचा मनिषाताईनं ईमेलवर गट केला. एका पत्त्यावर लिहायचं की पत्र सगळ्यांना जायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे सगळे, पण काय लिहायचे! कुणाला आमराई आठवायची, कुणाला गुरुजींची छडी. पहिले सहा महिने मला दम खायला फुरसत न्हवती.

मग हळूहळू सगळं गप झालं. आज दोन पत्रं, मग आठवड्याला एक, मग तेबी न्हाय. मी रोज किर्रर्र करून पुण्याला जायचो आणि रिकाम्या हातानं यायचो. माझ्यावर धूळ बसली. एकदा तर कुणीतरी माझ्यावर चहाचा कप ठेवला, बघा!

यंदाच्या ऑक्टोबरात, असले ईमेलचे गट चालवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. नोव्हेंबर संपेपर्यंत माणसं लिहिती झाली न्हाईत, तर गट बंद. मनिषाताईचा चेहराच उतरला. एवढी माणसं परत कुठं गोळा करायची? आणि अंजलीशी तर तेवढाच एक धागा उरला होता.

त्याच दिवशी जोतीराम सुट्टीचा आला होता. तो म्हणाला, "अगं मने, रडतीस काय? आमच्याकडं कामगार गैरहजर राह्यला की मीच नोटीस काढतो. दुसऱ्या दिवशी गेटवर हजर! सरक, मी सांगतो तसं टाईप कर."

आणि त्यानं सांगितली, मनिषाताईनं टाईप केली, आणि मी नेली. 'आपण दीर्घ काळ गैरहजर आहात. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास यादीतून आपले नाव कमी करण्यात येईल.' त्रेचाळीस जणांना एकच.

सात दिवसांत तीन उत्तरं आली. एकानं लिहिलं, 'काय गं मने, सरपंच झालीस का?' दुसऱ्यानं लिहिलं, 'काढ नाव.' तिसरं अंजलीचं. एवढंच: 'नाव कमी करा. गावाच्या यादीत ते होतंच कुठं?'

मित्रांनो, मला वाचता येत न्हाय असं समजू नका. ते पत्र स्क्रीनवर आलं आणि मनिषाताई खुर्चीवरनं उठलीच न्हाय. पोरं क्लासला येऊन बसली तरी तिचं लक्ष न्हाय.

दुसऱ्या दिवशी बाजारहाट करून तिचे वडील आले, दत्तोबा. सगळे त्यांना आबा म्हणतात. पिशवी टेकवली, पागोटं काढलं आणि तिच्याकडं बघितलं.

"काय गं, तोंड का सुकलंय?"

"काय न्हाय आबा. अंजली म्हणती, माझं नाव काढा."

"कोण, आपल्या ज्ञानूची पोरगी? का म्हणून?"

"काय म्हाईत. मी नोटीस धाडली होती."

आबा हसले, पण लगेच थांबले. "आगं, मेंढरू मागं राह्यलं की नोटीस देतो व्हय आपण? आमी कळप घेऊन कोकणाकडं जायाचो तवा एखादं मागं राहायचंच. नवी पोरं फुडनंच हाका मारायची, घसा बसायचा नुसता. आगं, त्याच्या खुरात काटा असतोय, ते येणार कसं? माघारी जायाचं, खाली बसायचं, आधी पाय उचलून बघायचा. तू बघितलास का?"

मनिषाताईनं खुर्ची कॉम्प्युटरकडं वळवली. मग म्हणाली, "काटा मला ठाऊक हाय, आबा."

आणि तिनं चौदा महिन्यांपूर्वीचं एक पत्र उघडलं. मीच आणलं होतं ते. अंजलीनं सगळ्या गटाला लिहिलं होतं: 'शाळेतला पाण्याचा माठ आठवतो का कुणाला? आमच्या वस्तीतल्या पोरांच्या हातात तांब्या मिळायचा नाही. आम्ही ओंजळ धरायची आणि वरनं कुणीतरी ओतायचं. पाणी बाहीत शिरायचं. आई म्हणायची, रोज कशी गं भिजून येतीस? मला काही मागायचं नाही. कुणाला आठवतं का, एवढंच विचारते.'

त्या पत्राला त्रेचाळीसांतल्या एकानंबी उत्तर दिलं न्हवतं. त्याच आठवड्यात नागेशच्या लग्नाची बातमी आली, तर अभिनंदनं नेता-आणता मी तापून गेलो होतो! आणि त्यानंतर अंजलीनं परत कधी लिहिलं न्हाय. तिचं बघून तिच्या वस्तीतले बाकीचे पाचजण गप झाले. मग उरलेल्यांनाबी काय लिहावं ते सुचंना. गट कुठनं आटला ते मला ठाऊक होतं, मित्रांनो, पण मी नुसता मोडेम. दिलेलं तेवढंच न्यायचं.

"मी तवा उत्तर लिहायला बसले होते," मनिषाताई म्हणाली. "चारदा लिहिलं, चारदा पुसलं. चौथीत पाणी वाटायची पाळी माझ्याकडं होती, आबा. तांब्या माझ्या हातात होता."

आबांनी पागोटं मांडीवर घेतलं, उलगडलं, परत गुंडाळलं.

"तुला ते शाळेत न्हाय शिकवलं," ते म्हणाले. "ते आमी घरात शिकवलं. लिही. माझंबी नाव घाल."

ती लिहीत असतानाच जोतीराम आला. खांद्यावरनं वाचलं आणि म्हणाला, "येडी का खुळी तू? हे तिला एकटीला धाड की! सगळ्यांना कशाला? गावाची अब्रू जाईल."

"तिनं सगळ्यांना विचारलं होतं, जोत्या."

"आगं पण..."

"तू पाणी तांब्यानं प्यायचास का ओंजळीनं?"

जोतीराम माघारी वळला न्हाय. स्टूल ओढून बाजूला बसला.

पत्र लहानच होतं. 'अंजली, मला आठवतं. चौथीत तांब्या माझ्या हातात होता आणि मी तो वर धरायची, तुझ्या हाताला लागू नये म्हणून. तू विचारलंस तवा मी लाजेनं गप बसले. आबा म्हणतात, हे घरात शिकवलं, त्यांचंबी नाव लिही. नोटीस धाडली ते चुकलं. तू परत ये असं मी म्हणत नाही. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देते.'

मी ते घेऊन निघालो आणि लाईन तुटली. परत निघालो, परत तुटली. मला वाटलं, आज मी कामाला आलो न्हाय तर कधी येणार! तिसऱ्यांदा जीव खाऊन ओरडलो आणि गेलं, मित्रांनो, गेलं एकदाचं.

दोन दिवस काय न्हाय. मनिषाताई सकाळी कुलूप उघडलं की आधी मला चालू करायची. तिसऱ्या दिवशी मस्कतहून नागेशचं आलं: 'मला आठवतं. अंजलीची बाही भिजली की मी हसायचो. माफी मागायला तोंड नाही.' मग आणखी एक. मग एकीनं लिहिलं, 'मला आठवत नाही, याचीच आता भीती वाटते.' जोतीरामनं हितंच बसून, एकेक अक्षर शोधत, तीन ओळी लिहिल्या आणि कुणालाबी न दाखवता पाठवल्या. नोव्हेंबर संपायच्या आत एकवीस जणांनी लिहिलं. कंपनीनं गट ठेवला. पण मनिषाताईला त्याचा आनंद झालेला मला दिसला न्हाय. नागपूरहून काय आलं न्हवतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मी केलेलं शेवटचं मोठं काम तेच. मनिषाताईनं आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं:

'मने, तांब्या तुझ्याच हातात होता हे मला पहिल्यापासनं माहीत होतं. म्हणून तर विचारलं होतं. तू विसरली असशील असं वाटलं, त्याचा राग जास्त होता. राग गेला असं म्हणत नाही. आबांना सांग, वाचलं. नाव यादीत राहू दे. मला अजून लय विचारायचंय, सगळ्यांना.'

आबांनी विचारलं, "काय विचारणार हाय?"

"म्हाईत न्हाय," मनिषाताई म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढून बसली.

ती पुढची पत्रं नवा मोडेम आणतोय. त्यात काय हाय ते मला कळत न्हाय. मित्रांनो, यंत्राची धूळ पुसत जावा, वीज चमकली की फोनची वायर काढत जावा, आमच्यावर कप ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या वर्गातलं कुणी एकदा बोलून नंतर कायमचं गप बसलं असंल, तर त्याला हाका मारत बसू नका. त्यानं शेवटी काय विचारलं होतं ते शोधा. आणि सगळ्यांसमोर विचारलं असंल, तर उत्तरबी सगळ्यांसमोरच द्या.