रायफलची चावी

आखातातल्या साखीरच्या वाळवंटातल्या तंबूत चटईवर तीन चित्रं पसरली होती: एक रिव्हॉल्वर, एक बारा बोअरची शॉटगन आणि एक जाड नळीची रायफल. सित्राहून अलास्काला बदली झालेला नजीब बायकोला, हुदाला, तिथल्या अस्वलांच्या रानात कॅम्पिंगला नेणार होता.

"रायफल. खलास," तो म्हणाला.

"रात्री ठेवणार कुठे, दुल्हाभाई?" हुदाच्या धाकट्या बहिणीने, निदाने विचारलं. तिला बहिणीची काळजी वाटत होती.

"बॅगेत, कुलूप लावून. एवढी महाग चीज! चावी हुदाकडे."

"अस्वल चाळीस मीटर तीन सेकंदांत कापतं."

"बीएस्सी झालीस म्हणून मला शिकवतेस? तुझी बहीण माझ्या भरवशावर येतेय, तुझ्या पुस्तकांच्या नाही."

"मग दाखवा करून."

नजीबने रागारागाने रायफल म्हणून तंबूतलं फावडं बॅगेत कोंबलं, कुलूप लावलं आणि चावी हुदाच्या पर्समध्ये टाकली. नवरा-बायको झोपल्यासारखी आडवी झाली. हुदा नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "निदा, स्टॉपवॉच लाव."

"अस्वल!" निदा ओरडली.

नजीबने पर्स चटईवर उलटी केली. फावडं त्याच्या हातात आलं तेव्हा स्टॉपवॉचवर एकोणतीस सेकंद झाले होते.