वकीलसाहेबांची नक्कल

मी एक जुना पिंजरा आहे. मित्रांनो, लगेच पोपट शोधू नका. माझ्यात पक्षी कधीच राहिला नाही, माझ्यात माणसं उभी राहत. कोर्टात आरोपीला ज्या लाकडी कठड्यात उभं करतात, तोच मी. वाशीमकडच्या एका कोर्टात मी चाळीस वर्षं काढली. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. इतकी वर्षं कोर्टात काढल्यावर भलतं बोलून अडकू नये, एवढी अक्कल लाकडालाही येते.

१९०६ साली लखमा सुतारानं मला घडवलं. सागवान उत्तम होतं आणि लखमाचा हात त्याहून उत्तम. उंची बरोबर आहे का, हे पाहायला तो स्वतः माझ्या आत उभा राहिला, तेव्हा शिपायानं गमतीनं बाहेरून कडी लावली. लखमा हसला खरा, पण कडी निघेपर्यंत त्याच्या कपाळाला घाम फुटला होता. मग त्यानंच चार लांब खिळे ठोकून मला फरशीवरच्या फळीला कायमचं जखडलं. त्या दिवसापासून मी जिथे होतो तिथेच. माझ्यात आलेला माणूस आज ना उद्या बाहेर पडे. कोणी घरी जाई, कोणी तुरुंगात. मी कुठेच गेलो नाही. समोरच्या खिडकीतून मला कडुनिंबाची अर्धी फांदी दिसे, आणि उरलेलं झाड कसं असेल याचा विचार करण्यात माझे उन्हाळे जात.

निकाल देणारा नवीन साहेब आला की माझ्या कामाची तारीफ करी. पण माझ्या वरच्या दांडीला जी चकाकी आली होती, ती काही लखमानं दिलेली नव्हती. घाबरलेल्या माणसांचे तळहात घासून घासून ती आली होती. मला त्या चकाकीचा अभिमान वाटे आणि लाजही वाटे. ऐकून ऐकून मला सगळ्या भाषा समजू लागल्या. शिपायाची हिंदी, कारकुनाची पुणेरी मराठी, साहेबाची इंग्रजी, आणि माझ्या आत उभ्या राहणाऱ्यांची वऱ्हाडी.

माझ्या उजव्या हाताला सरकारी वकिलाची जागा होती. सरकारी वकील म्हणजे कोण, हे तुम्हाला ठाऊक असेल. खटला सरकारचा असला की सरकारच्या वतीनं बोलतो तो. पण त्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. सरकारला एखादा नवा नियम करायचा असला की आधी कागद त्याच्याकडे येतो. हे कायद्यात बसतं का, कोणाला किती शिक्षा असावी, हे तो लिहून कळवतो. म्हणजे माणूस माझ्यात येऊन उभा राहण्याच्या कितीतरी आधी त्याच्याविषयी वकिलाची लेखणी चाललेली असते.

आमचे सरकारी वकील होते मारोतराव. कामरगावचे, शेतकऱ्याच्या घरचे. नागपूरला शिकून वकील झाले होते. कोर्टात ते इंग्रजी बोलत, नाहीतर पुस्तकातली मराठी बोलत. वऱ्हाडी शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देत नसत. काळा कोट आणि वऱ्हाडी बोली एकत्र शोभत नाहीत, असं त्यांना वाटत असावं. मला ते थोडे आखडू वाटत, हे कबूल करतो. मात्र त्यांची एक खोड मला ठाऊक होती. स्वतःची बाजू स्वतःलाच पटली नाही, की ते बोलता बोलता माझ्या दांडीवर अंगठ्याचं नख घासत. साहेबाला ते कळत नसे. मला कळे.

१९३० साल आलं. देशात लोक मिठाचा कायदा मोडत होते. वऱ्हाडात समुद्र कुठला? म्हणून आमच्याकडे लोक राखीव रानात शिरून गवत कापू लागले. सरकार चिडलं. जो गवत कापील त्याला सरसकट कैद, असा नियम करायचा वरच्या लोकांचा विचार होता. कागद मारोतरावांकडे आला. त्यांनी भांडून भांडून तो सौम्य करून घेतला. नुसतं गवत कापलं तर नावापुरती शिक्षा. पण निघून जाण्याचा हुकूम वाचून दाखवल्यावरही जो हटणार नाही, त्याला सहा महिने कैद, आणि त्याच्या गावाचे चराईचे पास वर्षभर बंद. पास बंद म्हणजे गावच्या एकाही जनावराला रानात पाय ठेवता येणार नाही. आपण पुष्कळ लोकांना वाचवलं, असं मारोतरावांना वाटलं होतं.

भाद्रपदात माझ्यात दोन माणसं आणून उभी केली. एक होता मुनाफ टांगेवाला. जऊळका स्टेशनावर त्याचा टांगा असे आणि घोड्यासाठी त्यानं गवत कापलं होतं. दुसरी पंचफुला, किन्हीराजाच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिच्या घरी दोन म्हशी होत्या आणि आठ महिन्यांची लेक होती, रुख्मिणी. लेक बाहेर कडुनिंबाखाली सासूच्या, कस्तुराबाईच्या मांडीवर होती आणि भुकेनं रडत होती. रडणं आत ऐकू येई. दर वेळी पंचफुलाची बोटं माझ्या दांडीवर आवळत. या दोघांनी वकील दिला नव्हता. त्यांच्या बाजूनं बोलणारं कोणीच नव्हतं.

मदनसिंग नाकेदार साक्षीला आला. नाकेदार म्हणजे रानाचा रखवालदार. त्यानंच रानात हुकूम वाचला होता. मारोतरावांनी त्याला विचारलं, की हुकूम वाचला तेव्हा हे लोक काय करत होते.

मदनसिंग म्हणाला, "हुकूम वाचला तवा ते गवत कापून राह्यले होते."

मित्रांनो, तुम्ही वऱ्हाडातले असाल तर तुम्हाला यात काहीच वावगं दिसणार नाही. कापून राह्यले म्हणजे कापत होते. पण साहेब होता मद्रासकडून नुकताच आलेला. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. साक्ष इंग्रजीत करून सांगणारा भाषांतरकार होता पुण्याकडचा. भला माणूस, पण आमच्या मुलखात जेमतेम महिनाभर झालेला. त्यानं आपल्या मराठीप्रमाणे अर्थ लावला आणि लिहून घेतलं, की हुकूम वाचल्यावरही हे लोक गवत कापून तिथेच राहिले. झालं. नावापुरत्या शिक्षेचे सहा महिने झाले, ते एका शब्दानं. साहेबानं मान हलवली आणि जेवणाच्या सुट्टीसाठी उठला.

मारोतराव उठले नाहीत. त्यांचं नख माझ्या दांडीवर फिरू लागलं.

सुट्टीत जिल्ह्याच्या कचेरीतून आलेला एक अंमलदार त्यांच्याजवळ बसला. मारोतरावांनी हळूच सांगितलं, की साक्ष चुकीची लिहिली गेली आहे. अंमलदाराला ते आधीच समजलं होतं. तो वऱ्हाडात जुना होता. तो म्हणाला, की वरच्यांना या भागातल्या एका तरी गावाचे पास बंद करून दाखवायचे आहेत, म्हणजे बाकीची गावं गप्प बसतील. चूक तुम्ही केलेली नाही, तुम्ही फक्त बोलू नका. शिवाय तुमची नेमणूक डिसेंबरात पुन्हा व्हायची आहे.

मग तो उठता उठता म्हणाला, "तुम्ही सरकारचे वकील आहात, मारोतराव. त्यांचे नाही."

तो पान खायला बाहेर गेला. पंचफुला मघापासून मारोतरावांकडे बघत होती. तिनं विचारलं, "वकीलसायेब, तुमी कामरगावचे ना? त्या कागदात माह्याबद्दल काय लिवलं, तेवढं सांगा. माही पोट्टी भुकेली हाय."

मारोतरावांनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि कागद चाळू लागले. सरकारी वकिलानं खटला चालू असताना आरोपीशी बोलायचं नसतं. मला त्यांचा राग आला. पिंजरा मी होतो, पण त्या दुपारी त्यांच्याइतकं अडकलेलं कोणी नव्हतं, हे मला नंतर कळलं.

साहेब परत आला. मारोतराव उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, की साक्षीच्या लिखाणात चूक आहे आणि ती दुरुस्त करायची आहे. साहेबाला आश्चर्य वाटलं. सरकारचा वकील सरकारच्याच फायद्याची चूक दाखवतो, हे त्यानं पाहिलं नव्हतं. भाषांतरकार म्हणाला, भाषांतर अगदी बरोबर आहे. मग साहेबानं विचारलं, चूक आहे ती दाखवा.

आता दाखवणार कशी? मारोतरावांनी क्षणभर डोळे मिटले. आणि पंधरा वर्षांत जी बोली त्या काळ्या कोटातून बाहेर पडली नव्हती, ती बाहेर पडली.

"हुजूर, मी आता बोलून राह्यलो. पंखा हालून राह्यला. कारकून लिवून राह्यले." मग ते इंग्रजीत म्हणाले, की मी बोलतो आहे, पंखा हलतो आहे, कारकून लिहीत आहेत, एवढाच याचा अर्थ. माझं बोलणं संपलं आहे का? पंखा थांबला आहे का?

साहेबानं वर पंख्याकडे पाहिलं आणि तो हसला. सगळं कोर्ट हसलं. शिपायांनी तोंडावर हात धरले. साहेबाची पुरती खात्री व्हावी म्हणून मारोतरावांनी तीच वाक्यं पुन्हा ठासून, लांबवून म्हटली. पुन्हा हशा झाला.

माझ्या आत मुनाफ खालच्या आवाजात म्हणाला, "आपली मजाक उडवून राह्यला."

पंचफुलाची मान खाली गेली. मधलं इंग्रजी त्या दोघांना कळलं नव्हतं. आपल्याच मुलखातला माणूस साहेबापुढे आपल्या बोलीची नक्कल करतो आणि साहेबाला हसवतो, एवढंच त्यांनी पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण लाकडाला करकरण्यापलीकडे काय येतं?

साहेबानं भाषांतरकाराकरवी मदनसिंगाला स्वतः विचारलं, की हुकूम वाचून संपल्यावर या लोकांनी काय केलं. मदनसिंग सरळ माणूस होता. तो म्हणाला, "वाचून झाला, तवा हातातले इळे खाली ठेवले अन् निंगून गेले." साहेबानं लिखाण खोडलं आणि शिक्षा सांगितली. कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कोर्ट संपेपर्यंत दोघांनी माझ्यातच बसून राहायचं, की सुटका. गावाचे पासही वाचले.

तीन वाजता शिपायानं कस्तुराबाईला आत येऊ दिलं. पंचफुलानं पदराखाली लेकीला पाजलं. पोट भरल्यावर रुख्मिणी माझ्या फळीवर झोपून गेली. माझ्यात त्याआधी कोणी झोपलं नव्हतं. त्या दोन तासांत माझी एकही फळी करकरली नाही. मी करकरूच दिली नाही.

पाच वाजता कोर्ट उठलं. बाहेर पडताना मुनाफ म्हणाला, साहेब देवमाणूस निघाला. पंचफुला मात्र मारोतरावांसमोर थांबली.

"वकीलसायेब, सायेब परमुलखातला, पण त्याले आमची दया आली. तुमी तर आपल्यातले. अशी नक्कल नव्हती कराची."

अंमलदार दोन हात अंतरावर उभा राहून ऐकत होता. मारोतराव एक शब्द बोलले असते तर वकील आरोपींना सामील होता, असा अहवाल वर गेला असता आणि ती शिक्षा पुन्हा उकरली गेली असती. त्यांनी कागद गोळा केले. पंचफुला लेकीला घेऊन निघून गेली. रिकाम्या कोर्टात मारोतराव बराच वेळ माझ्या दांडीवर तळहात ठेवून उभे राहिले, आरोपी ठेवतात तसा. मला रडू येत होतं, पण लाकूड रडत नाही, नुसतं फुगतं.

डिसेंबरात त्यांची नेमणूक झाली नाही. ते साधी वकिली करू लागले. पण किन्हीराजाच्या बाजूचा पक्षकार त्यांच्याकडे फिरकेना. आपल्या बोलीची चेष्टा करणारा वकील कोणाला हवा? त्यांनी कधी कोणाला खुलासा केला नाही. कोर्टात निकालाच्या खऱ्या प्रतीलाही नक्कलच म्हणतात. कोणी ती काढून वाचली असती तरी इंग्रजीत एवढंच सापडलं असतं, की साक्षीतली एक चूक दुरुस्त केली.

यंदा कोर्टात नवा पिंजरा आला. माझे चारही खिळे उपटले. मी सुटलो म्हणून हरखलो, तर मला अडगळीच्या खोलीत जुन्या कागदांच्या फाटक्या बस्त्यांखाली टाकलं आणि बाहेरून कुलूप लावलं. इथे ती अर्धी फांदीसुद्धा दिसत नाही. वाळवी माझ्या डाव्या पायाला लागली आहे. तिचा आवाज मला ऐकू येतो. दुसराही एक आवाज रोज ऐकू येतो. बाहेरच्या ओट्यावर मारोतराव येऊन बसतात. केस पांढरे झालेत. खोकतात, आणि कोणी बोलावतं का याची वाट बघतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मला पुसू नका. माझे थोडेच दिवस उरले आहेत. तुमच्यातलं कोणी किन्हीराजाच्या बाजूचं असेल, तर तिकडे सोळा-सतरा वर्षांची एक रुख्मिणी असेल, तिला शोधा. तिची आई पंचफुलाबाई असेल तर आईला इकडे घेऊन ये, असं तिला सांगा. ओट्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याशी पंचफुलानं घरच्या बोलीत दोन शब्द बोलावे. मारोतराव स्वतःहून काही सांगणार नाहीत. म्हणून तुम्हीच तिला आधी सांगा, की त्या दिवशी कोर्ट हसलं तेव्हा ते तुझी नक्कल करत नव्हते, बाई, तुझ्या बाजूनं बोलत होते.