‘ई’ श्रेणीची सीट

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हिंगोलीतल्या त्या हळद कारखान्यात लोक जीव तोडून वाईट काम करायला लागले.

कोमल तिथली एचआर मॅनेजर, म्हणजे अख्खा एचआर विभाग तीच. वर्षअखेरीला सगळ्यांच्या शिल्लक रजा, सगळ्यांचं मूल्यमापन आणि पुण्याच्या हेड ऑफिसचे फोन तिच्या एकाच टेबलावर येऊन पडत. त्यात हे नवीन. हळदीला पॉलिश करायच्या ड्रमवरचा विश्वंभर ड्रम सुरू करून समोर खुर्ची टाकून झोपायचा, आणि ती जवळून गेली की एक डोळा उघडून बघायचा, मॅडमनी पाहिलं का.

ह्याचं मूळ हिरासिंग. मागच्या वर्षी हेड ऑफिसनं नियम काढला, की दर कारखान्यात एक माणूस ‘ई’ श्रेणीत, म्हणजे सर्वांत वाईट, निघालाच पाहिजे. हिरासिंग निघाला. त्याला सुधारायला पुण्याला पाठवलं. आठवडाभर एसी हॉटेल, नाश्त्याला पोट फुटेस्तोवर डोसा, शिवाय येताना एक बॅग भेट. सुधारला काही नाही, जाड मात्र होऊन आला. तेव्हापासून ‘ई’ श्रेणीला कारखान्यात ‘पुण्याची सीट’ म्हणत.

यंदा नियम बदलला होता. तसा मेल एकट्या कोमलला आला होता, वर ‘गोपनीय’ लिहून. ‘ई’वाल्याला आता सुधारायचं नाही, एक एप्रिलपासून घरी बसवायचं. नाव एकतीसला संध्याकाळपर्यंत कळवा.

तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जावं कळेना. मग ती कारखान्यात येरझाऱ्या घाली, आणि ती दिसली की लोक आणखी वाईट काम करत.

“यंदा पुण्याची सीट नाहीये,” तिनं एकदा आडून सांगून बघितलं.

“म्हणजे भरली,” हिरासिंग म्हणाला. “कोणाला देली तेवढं सांगा.”

दुसऱ्या दिवशी विश्वंभरनं खुर्चीऐवजी घरून बाज आणली.

पण सगळ्यांत पुढं होत्या फातिमाबी. लांबट हळकुंडं आणि जाड गोल गड्डे वेगळे करण्यात त्यांच्याएवढा साफ हात कारखान्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याच आता निवडलेल्या गड्ड्यांतून एकेक उचलून शांतपणे हळकुंडांत टाकत होत्या.

“फातिमाबी, हे काय?”

“नजर कमी झाली, मॅडम.”

“आत्ता तर सुईत दोरा ओवत होतात.”

“ते जवळचं झालं. लांबचं दिसत न्हाई. पुण्यापर्यंत तर बिलकुल न्हाई.”

पुण्यात त्यांची लेक आफिफा होती. तिला जानेवारीत लेकरू झालं होतं, आणि फातिमाबींनी ते फक्त मोबाइलवर बघितलं होतं.

“मग रजा टाका ना. शिल्लक आहे तुमची.”

“रजेवर गेलं की जावई म्हणणार, सासू ऱ्हायला आली. कंपनीनं धाडलं म्हणलं की इज्जत ऱ्हाते,” असं म्हणून त्यांनी आणखी एक गड्डा हळकुंडांत टाकला.

एकतीसला दुपारी पुण्याहून हेड ऑफिसच्या निलम मॅडमचा फोन आला.

“नाव?”

“मॅडम, इथं सगळेच वाईट काम करताहेत.”

“छान. मग निवडायला सोपं.”

कोमल कॉम्प्युटरपुढे बसली. फातिमाबींविरुद्ध पुरावा ढिगानं होता, अक्षरशः ढिगानं. तिनं त्यांचं नाव टाकलं, उठून पाणी प्याली, येऊन खोडलं. विश्वंभरचं टाकलं, खोडलं. मग तिच्या डोक्यात आलं की आठवडाभरात चांगला कारखाना नासतो, तेव्हा तिथली एचआर मॅनेजर काय करत असते? तिनं स्वतःचं नाव टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘हिच्या देखत सगळा कारखाना बिघडला.’ ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कॉम्प्युटरनं विचारलं, संबंधित कर्मचाऱ्याला कल्पना दिली आहे का? तिनं ‘हो’ दाबलं.

बाहेर येऊन तिनं सांगून टाकलं, “यंदा ‘ई’ मी.”

 मग विश्वंभर बाजेवरून उठला.

“आमी इथं मरमर करून ऱ्हायलो, अन् तुमी सीट घरातच ठेवली?”

“जाऊ दे रे,” हिरासिंग म्हणाला. “मॅडम, डोसा गरम मागून घ्या. न्हाई तर थंडाच देतेत.”

फातिमाबी उठून आल्या. तोंड फिरवूनच त्यांनी एक पुडी पुढं केली.

“तुमी जाऊनच ऱ्हायल्या, तर हे आफिफाच्या लेकराला द्या. टोपडं हाय.”

कोमलनं पुडी घेतली. उद्यापासून तिला वेळच वेळ होता, पण ते इथं सांगण्यासारखं नव्हतं.

“मी कशाला? तुम्हीच चला,” ती म्हणाली. “नवीन नियम आहे. ‘ई’वाल्यासोबत एक धड माणूस धाडतात. वाटेत आणखी बिघडू नये म्हणून.”

“अन् तिकीट?”

“कंपनीचं,” असं म्हणत कोमल पर्समध्ये किती आहेत ते चाचपत होती.

फातिमाबींनी तिच्याकडं रोखून बघितलं. “मंग हे पहिलंच काहून न्हाई सांगितलं? आठ दिवस उगीच हळद नासवली.”

त्या ढिगापाशी जाऊन बसल्या आणि हळकुंडांतले गड्डे भराभर वेचून काढायला लागल्या.

मागं विश्वंभर बाज उचलता उचलता म्हणाला, “दोन सीटा नेल्या, बघा.”