अवसेच्या दिवशी सगळी पोरं तोलली

मी अंगणवाडीतला झोळीचा काटा बोलतोय. मुका आहे म्हणून सगळ्यांनी मला गृहीत धरलं होतं, पण आता गप्प बसवत नाही.

इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या पुढं एक वस्ती आहे. तिचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना अजून सोयरिकी जुळवायच्या आहेत. त्या वस्तीवरच्या अंगणवाडीत मी आढ्याला टांगलेला असायचो. मध्ये गोल तबकडी, तिच्यावर काळी सुई आणि खाली कापडी झोळी. पोर झोळीत घातलं की टाहो फोडायचं आणि हमखास मुतायचं. आया ओशाळायच्या, पण मला त्याचं कधी काही वाटलं नाही. लेकरांचं ओकणं, शेंबूड, सगळं अंगावर घेतलं. किळस काय असते हे मला नंतर कळलं, आणि ते मोठ्या माणसांनी शिकवलं.

सेविका कौसल्याताई तेव्हा मन लावून तोलायची. सुई स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभी राहायची. वस्तीचा एक नियम मात्र तिनं कधी मोडला नाही. अवसेला पोर तोलायचं नाही. तोललं तर पोर झडतं, अशी समजूत. खुळचटच, पण अवस सरली की दुसऱ्या दिवशी आया आपण होऊन पोरं घेऊन यायच्या.

मग ताईच्या हातात मोबाइल आला. वजन त्यात भरायचं, म्हणजे ते वर जाणार आणि सरकारच्या साइटवर सगळ्या जगाला दिसणार. मला वाटलं, चला, आपल्या सुईला किंमत आली. कसलं काय. महिन्याच्या बैठकीहून ताई तोंड पाडून यायला लागली. वरच्या मॅडमनी बजावलं होतं, ‘रकाना रिकामा दिसता कामा नये. काही करा, पण शंभर टक्के दाखवा.’ ताईनं आधी आजारी पोरांची वजनं अंदाजानं टाकली. पुढं सगळ्यांचीच. मागच्या आकड्यात थोडी भर घातली की काम झालं. मला हात लावायची गरजच उरली नाही.

अंगणवाडीची खोली दत्तोबांच्या जागेत होती. दत्तोबा बागायतदार माणूस, वस्तीवर त्यांचा शब्द मोडायची कुणाची प्राज्ञा नाही. आखाडात त्यांच्या गोठ्यात बोकड पडायचा आणि मटणाचे वाटे व्हायचे. एकदा ते दारात येऊन म्हणाले, ‘ताई, तुमचा काटा तसाबी रिकामाच लोंबतोय. द्या की जरा. वाटं सारखं पडतील.’

‘न्ह्या आबा,’ ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ज्या झोळीत लेकरं बसायची, तिच्यात मटण पडलं. कापडातून रक्त ठिबकायला लागलं आणि माणसं माझ्याभोवती गोळा होऊन भांडायला लागली. ‘सुई नीट बघा, मला कमी आलंय.’ पावशेराच्या फरकावरून एकमेकांची उणीदुणी निघाली. पोरांच्या वजनासाठी यांच्यातला एकही कधी असा तणतणला नव्हता. थू. मला त्या माणसांची शिसारी आली, आणि त्यांच्या कामी आलो म्हणून स्वतःचीही. त्या दिवशी आखाडातली अवस होती.

नंतर मला गोठ्यातून परत न्यायचं कुणाला सुचलं नाही. माश्या बसत राहिल्या. पुढं ढोबळी मिरची तोलायला माझा उपयोग झाला.

गोठा अंगणवाडीला लागूनच, त्यामुळं तिथलं बोलणं मला ऐकू यायचं. वस्तीवरची योगिनी सारखी ताईकडं यायची. तिचा ज्ञानेश दोन वर्षांचा होऊन गेला तरी उभा राहिला की पाय थरथरायचे.

‘ताई, पोरगं भरत न्हाय वो. गेल्या साली शिवलेलं अंगडं अजून ढिलं हुतंय.’

ताई मोबाइल पुढं करायची. ‘ह्ये बघ, हिरवं दाखवतंय. चांगलं हाय तुझं पोरगं.’

हिरवं दाखवलं की जादा आहार मिळत नाही आणि डॉक्टरही तपासायला बोलावत नाहीत. घरी सासू म्हणायची, सरकार चांगलं म्हणतंय, तुलाच रडायची खोड.

अशात एक सरकारी पत्रक निघालं. ‘परिसरात एकही बालक तीव्र कुपोषित नाही.’ बऱ्याच पत्रकारांनी ते काना-मात्रा न बदलता छापून टाकलं. पत्रकात येईल ते छापायचं, तर त्याला वार्ताहर कशाला हवा? पोस्टमन पुरे.

बारामतीच्या एका छोट्या दैनिकातली वार्ताहर उत्कर्षा मात्र छापायच्या आधी सरकारची साइट उघडून बसली. जिल्हा, मग तालुका, मग एकेक अंगणवाडी, अशी खाली उतरत आली; हे तिनंच नंतर ताईला सांगितलं. आकड्यांची फाइल तिनं आधी स्वतःकडं उतरवून घेतली, कारण साइटवर आज दिसतं ते उद्या दिसेलच असं नाही. जिथं मध्यम कुपोषित पोरांची तरी नोंद होती ती गावं तिनं बाजूला ठेवली. तिथं निदान कुणी तरी खरं लिहितंय, असा तिचा हिशेब. तिनं शून्यं धुंडाळली. त्यात आमची अंगणवाडी सापडली. सगळी पोरं एकाच दिवशी तोललेली. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात ती तारीख बघितली, तर तीच आखाडातली अवस. उत्कर्षा सुपे गावची, तिच्याही आजोळी अवसेला पोर काट्याला लावत नाहीत. तरीही तिनं लगेच काही लिहिलं नाही. ती एसटीनं वस्तीवर आली.

‘ताई, अवसंला समदी पोरं तोलली तुमी?’

ताईचा चेहरा उतरला. ‘तारीख बघायची राह्यली माझी,’ ती खालच्या आवाजात म्हणाली.

‘काटा कुठं हाय?’

ताईनं गोठ्याकडं बोट केलं.

मला परत आणून गरम पाण्यानं, सोड्यानं घासलं. ताईनं स्वतःचं जुनं लुगडं फाडून नवी झोळी शिवली. योगिनीनं ज्ञानेशला आत बसवलं. तो रडला नाही. रडायला अंगात जोर लागतो. माझी सुई जराशी हलली आणि मोबाइलातल्या आकड्याच्या कितीतरी अलीकडं थांबली.

योगिनी सुईकडं बघत राहिली. ‘म्हंजी मी खुळी न्हवते,’ ती म्हणाली.

त्याच दुपारी ज्ञानेशला बारामतीला दवाखान्यात ठेवलं. बातमी छापून आली. वरच्या मॅडम नामानिराळ्या राहिल्या, ताईला घरी बसवून तिचा मोबाइल काढून घेतला. दत्तोबा म्हणाले, वस्तीची बदनामी झाली. मला आत कोंडून खोलीला कुलूप घातलं.

महिना उलटल्यावर उत्कर्षा पुन्हा आली. कपडे न्यायला घरी आलेली योगिनी तिला अंगणवाडीच्या ओट्यावर भेटली. उत्कर्षानं साइट उघडून नवा महिना तिला वाचून दाखवला. वजन घेतलेली मुलं, सगळी. तीव्र कुपोषित, शून्य.

योगिनीनं मोबाइलात डोकावून बघितलं. मग ती म्हणाली, ‘आवो, माझं पोरगं सलाइन लावून पडलंय तिकडं. मंग हितं तोललं कुणाला?’

उत्कर्षानं तीही फाइल उतरवून घेतली. योगिनीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मलाच ठाऊक आहे. कुणालाच नाही. मी कुलपाआड होतो, झोळी महिनाभर रिकामी होती. बातमी लिहिणाऱ्यांनो, हे शून्य छापायचं असेल तर आधी इथवर या. कुलूप काढायला लावा आणि माझी झोळी हातानं चाचपून बघा.