प्रश्न क्रमांक एक्केचाळीस

आमचे हे एका मार्कानं नापास झाले, तेव्हा पहिला राग मला ह्यांचाच आला.

दोन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना जिन्याच्या पायरीची उंची, झोपताना आगीच्या दरवाज्याची जाडी. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दिवसभर पोरांच्या हातून काचेच्या नळ्या वाचवायच्या आणि घरी येऊन ह्यांची प्रश्नोत्तरं घ्यायची. इतकं करून काय, तर एकोणसत्तर. पासाला सत्तर.

"अहो, एक मार्क? एक मार्क तर नाव नीट लिहिल्याचासुद्धा देतात!"

ह्यांनी निकालाचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि स्वयंपाकघरातला नळ खोलून बसले. ह्यांना राग आला की हे नळ खोलतात. नळ चांगला चालत असला तरी.

ह्यांचं वय बावन्न. आधी प्लंबर होते, पस्तिशीच्या सुमारास नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात सहायक म्हणून लागले. खात्यात सगळे 'मिस्त्री'च म्हणतात. गच्चीवर चढणार मिस्त्री, टाकीत उतरणार मिस्त्री, चूक शोधणार मिस्त्री. सही करणार साहेब. सहीचा अधिकार हवा तर निरीक्षकांच्या संघटनेची परीक्षा पास व्हावी लागते. बांधकामाच्या नियमांचं पुस्तक ती संघटनाच काढते, परीक्षा तीच घेते, प्रमाणपत्र तीच देते. ह्यांच्या लेखी त्या पुस्तकातला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पेपर परत बघायला मिळतो, अशी सोय होती. मी म्हटलं, चला, मीही येते. मला त्या तपासणाऱ्याचं तोंड बघायचं होतं.

संघटनेचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. परीक्षा विभागात एकच बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी ह्यांचा पेपर आणि उत्तरांची चावी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. हे बोटानं एकेक ओळ खाली येत गेले. एक्केचाळिसाव्या प्रश्नावर बोट थांबलं.

'न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवताना झरोका किमान किती मोठा हवा?' खाली अ, ब, क अशी तीन मापं. आणि ड: गॅसचा गीझर न्हाणीघरात बसवूच नये.

ह्यांनी ड वर खूण केली होती. चावीत ब होतं.

"बाई, ही चावी जुन्या पुस्तकाची आहे," हे म्हणाले. आवाज शांत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "नव्या आवृत्तीत झरोका-बिरोका काही नाही. गीझर बाहेरच. पान दोनशे बारा."

नवं पुस्तक बाईंच्या मागच्या फळीवर होतं. त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "लेखी द्या. आणि पोच घ्यायला विसरू नका."

दहा दिवसांनी सचिवांनी बोलावलं. मी पुन्हा गेलेच. सचिव म्हणजे लोण्यात बुडवून काढलेला माणूस. खुर्च्या स्वतः पुढे ओढल्या, चहा मागवला. परीक्षा विभागातल्या बाई दाराशी फाईल घेऊन उभ्या होत्या.

"मिस्त्री, तुमचं बरोबर आहे," सचिव म्हणाले. "प्रश्न जुन्या संचातून आला. मानवी चूक. तुमचा एक मार्क वाढवतो. सत्तर. अभिनंदन!"

माझा जीव भांड्यात पडला. मी चहाचा कप उचलला.

"बाकीच्यांचं काय?" ह्यांनी विचारलं.

"बाकीचे कोण?"

"पास झालेले. एकशे त्रेचाळीस. त्यातल्या किती जणांनी ब लिहिलंय?"

सचिवांनी बाईंकडे बघितलं. 'सांगू नका' असंच त्या बघण्यात होतं. बाई म्हणाल्या, "एकशे अठरा."

मग सचिव हसले. "अहो, जुन्या पुस्तकावर अभ्यास केला असेल त्यांनी. हळूहळू कळेल."

"कधी कळेल?" हे म्हणाले. "एकशे अठरा माणसं उद्यापासून घरं तपासणार. गीझर न्हाणीघरात दिसला की झरोका मोजणार आणि सही ठोकणार. संघटनेनं त्यांना सांगितलंय, तुमचं बरोबर आहे, हा घ्या मार्क. थंडी तोंडावर आली साहेब. प्रत्येकाला पत्र पाठवा. आज."

"मंडळाची बैठक तीन महिन्यांनी आहे. विषय ठेवू. सगळे पेपर पुन्हा तपासायचे म्हटले तर कित्येकांचे निकाल बदलतील, लोक कोर्टात जातील, परीक्षेची अब्रू जाईल. तुम्हाला प्रमाणपत्र मिळतंय ना? मग?"

"पत्र आधी," हे म्हणाले. "माझा मार्क नंतर."

मी टेबलाखालून ह्यांना चिमटा काढला. चांगला जोरात. हे उठून चालायला लागले.

बसमध्ये मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मात्र जे उघडलं ते बंद होईना. दोन वर्षं कुणी फुकट घालवली? खात्यात कालची पोरं साहेब झाली आणि तुम्ही त्यांच्या टेपचं टोक धरून उभे. देतायत तर घ्यायचं, मग काय भांडायचं ते भांडा ना! हातात सही असती तर चार लोक ऐकतील तरी! मिस्त्रीचं कोण ऐकतो?

हे ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, "तो मार्क घेतला असता, तर मीही त्यांच्यातलाच."

आणि मला ती मुलगी आठवली. आठवली म्हणजे काय, मी रागाच्या भरात तिला बाजूला सारलं होतं.

आमच्या लग्नाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. ह्यांनी एका घरच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला. पुस्तक काढून, माप घेऊन. झरोका बोटभरही कमी नव्हता. थंडीचे दिवस. त्या घरातली वीस वर्षांची मुलगी आंघोळीला गेली आणि बाहेर येईना. दाराखालून पाणी यायला लागलं तसं तिच्या वडिलांना वाटलं, नळ बिघडला. त्यांनी ह्यांनाच बोलावलं. ह्यांनी दाराच्या बिजागऱ्या काढल्या. गॅस जळताना जो वायू होतो त्याला वास नसतो, रंग नसतो. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

चौकशीत हे निर्दोष सुटले. सगळं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं ना. त्यानंतर ह्यांनी पान्यांची पिशवी भावाला देऊन टाकली आणि खात्यात अर्ज केला. असे आणखी किती दरवाजे काढावे लागले कोण जाणे, पण पंधराएक वर्षांनी, नव्या आवृत्तीत, नियम बदलला. पान दोनशे बारा. आणि आता परीक्षेतून तोच जुना झरोका पुन्हा वर आला होता.

माझा राग गेला नाही. त्यानं फक्त पत्ता बदलला.

संघटनेच्या मासिकात पास झालेल्यांची यादी छापून आली होती. नाव, गाव, खातं, फोन. ब कुणी लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळ्यांनाच फोन करायचे ठरले. अर्धे ह्यांनी, अर्धे मी. हे दुपारच्या सुट्टीत करायचे, मी प्रयोगशाळेत दोन तासांच्या मधे.

काय काय ऐकलं म्हणून सांगू! एक म्हणाला, "मिस्त्री, जळतंय का?" आणि फोन ठेवला. एकानं मलाच शिकवलं की बाई, हे तुमच्या डोक्यावरून जाणार. मी म्हटलं, माझ्या हाताखालून रोज चाळीस गॅसचे बर्नर जातात, तुम्ही पान उघडा. काहींनी खरंच उघडलं. पान उलटल्याचा आवाज फोनमधून यायचा, मग नुसतं "अरेच्चा." कुणी आभार मानले, कुणी म्हणालं, संघटनेचं पत्र आणा, मग बघू.

एक फोन माझ्या देखत झाला. रविवार होता, स्पीकर चालू होता. पलीकडे डोंगराकडच्या एका गावातली निरीक्षक, आवाजावरून तिशीतली. ह्यांनी नेहमीचं सगळं सांगितलं.

"मॅडम, ऐकताय ना?"

"मागच्याच आठवड्यात मी मुलींच्या वसतिगृहाला सही दिली," ती म्हणाली. "अकरा न्हाणीघरं. अकराही ठिकाणी गॅसचे गीझर."

"आत?"

"आत. पण झरोके मी स्वतः मोजले, काका. सगळे बरोबर होते."

"हो," हे म्हणाले. "बरोबरच असतात."

तिनं फोन ठेवला नाही, नुसता टाकला. पलीकडे किल्ल्या उचलल्याचा आणि दार आपटल्याचा आवाज आला.

आठवड्याभरात नोटीस आली. पत्र पाठवायला संघटनेला तीन महिने लागणार होते, नोटीस पाठवायला चार दिवस लागले. आरोप काय, तर परीक्षेतला गोपनीय प्रश्न बाहेर फोडणे आणि सभासदांमध्ये घबराट पसरवणे.

सुनावणीला मंडळाचे पाच जण लांब टेबलामागे बसले होते. मला आत सोडत नव्हते. मी म्हटलं, निम्मे फोन मी केलेत, निम्मी नोटीस माझी आहे. अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं, तोवर मी खुर्ची घेतली.

अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, तुमचा हेतू चांगला असेल. पण संस्थेला शिस्त असते. चूक आम्हालाही नंतरच कळली. कळल्यावर आम्ही पद्धतशीर पावलं उचलत होतो."

"नंतर नाही," असा आवाज मागून आला.

परीक्षा विभागातल्या बाई. इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसवल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पेपर छापायच्या आधी मी चिठ्ठी लिहिली होती. एक्केचाळीस जुना आहे, बदला. सचिवांनी त्यावर शेरा मारला, आता प्रूफ गेलं, पुढच्या वर्षी बघू. चिठ्ठी माझ्याकडे आहे. शेऱ्यासकट."

सचिव म्हणाले, "बाई, हा विषय आजच्या कामकाजात नाही."

तेव्हा हे उठले. इतक्या वर्षांत ह्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. माझ्यावर नाही, पोरांवर नाही, साहेबांवर तर नाहीच.

"मग कामकाज आहे तरी काय तुमचं?" टेबलावर हात एवढ्या जोरात बसला की पाण्याचा ग्लास आडवा झाला. "परिषदा भरवता, हार घालून घेता, पुस्तकाच्या कव्हरवर लिहिता की प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी जीव गेलाय. मी बघितलाय तो जीव! दार काढून बघितलाय! तुमच्यातल्या कुणी बघितलाय? छापायच्या आधी माहीत होतं तुम्हाला. माहीत असून पाचशे लोकांसमोर ठेवलंत आणि ज्यांनी चूक लिहिलं त्यांना मार्क दिलेत!"

अध्यक्ष रुमालानं कागद टिपत राहिले.

निकाल तासाभरात दिला. ह्यांना दोन वर्षं परीक्षेला बसायला बंदी. वाढवलेला मार्क रद्द, कारण तो अधिकृतपणे वाढवलाच नव्हता. आणि पत्र? ते तिसऱ्याच दिवशी निघालं. चिठ्ठी बाईंच्या पर्समध्ये होती, आणि ती कुठेही पोचू शकते हे पाचही जणांना कळलं होतं. पत्रात चूक हा शब्द नव्हता. 'अधिक स्पष्टतेसाठी कळविण्यात येते की' अशी सुरुवात होती. पण पान दोनशे बारा त्यात होतं, आणि ते एकशे त्रेचाळीस जणांना गेलं.

बाईंना परीक्षा विभागातून काढून ग्रंथालयात बसवलंय. सचिव आहेत तिथेच आहेत.

लोक मला म्हणतात, शेवटी पत्र गेलं ना, आता कशाला राग धरून बसता? मी म्हणते, राग धरून बसलेली नाही, उभी आहे.

परवा त्या डोंगराकडच्या निरीक्षक मुलीचा फोन आला. त्या दिवशी ती तडक वसतिगृहावर गेली होती. स्वतःचीच सही रद्द केली, अकराही गीझर बाहेरच्या भिंतीवर घ्यायला लावले. दोन मुलींनी तिला सांगितलं की आंघोळ झाली की त्यांचं डोकं भणभणायचं. त्यांना वाटायचं, अभ्यासानं होतंय. आता वसतिगृहाच्या मालकानं तिच्याविरुद्ध तक्रार केली आहे. आधी सही दिली, मग फिरवली, म्हणजे निरीक्षक नालायक. तिच्या खात्यानं चौकशी लावली आहे.

"काका, तुम्ही याल का?" तिनं विचारलं. "मला असं काही बोलता येत नाही. रडायलाच येतं."

हे म्हणाले, "ये म्हटलंस, आलो. पुस्तक मी आणतो."

ग्रंथालयातल्या बाईही येणार आहेत, पर्ससकट.

सोमवारी सुनावणी आहे. आज शाळेत मी रजेचा अर्ज भरला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कारणाचा रकाना रिकामा ठेवू नका, काहीतरी लिहा. आजारपण लिहा, घरगुती काम लिहा.

मी लिहिलं, 'भांडायला जायचं आहे.'